गारठ्यातली सायकल: पानगळीच्या अखेरच्या दिवसांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झाडं बोडकी व्हायला लागली, सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघायला लागली, की दरवर्षी तेच प्रश्न नव्याने येतात. शर्यतीसाठी नाही, तर आपल्या आनंदासाठी रस्त्यावर सायकल चालवणाऱ्यांनी विचारलेले हे प्रश्न आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको, म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. माझं म्हणणं आधीच सांगते: थंडीला फार घाबरू नका, ओलीला घाबरा.

१. गारठा सुरू झाला. आता सायकल काही महिने बाजूला ठेवावी का?

अजिबात नको. वर्षातले काही सगळ्यात सुंदर तास याच दिवसांत मिळतात: स्वच्छ हवा, तिरपं ऊन, घामाच्या धारा नाहीत. किती अंशांना थांबायचं याचा एकच आकडा सांगता येत नाही. कोरड्या रस्त्यावर ५ अंशांतही दोन तास मजेत जातात, पण पाऊस लागला तर १० अंशांतसुद्धा तासाभरात दात वाजायला लागतात. रस्ता गोठण्याची शक्यता असेल (प्रश्न ९) त्या दिवशी मात्र मी निघत नाही.

सुरुवात २०-२५ किलोमीटरने करा, आणि रस्ता आठच्या आकड्यासारखा आखा, म्हणजे अर्ध्यावर पुन्हा घराजवळून जाल. बोटं गारठली, कपडे चुकले किंवा आभाळ भरून आलं, तर तिथूनच घरी वळता येतं. ४० किलोमीटर सरळ लांब गेल्यावर परत येण्यावाचून पर्याय नसतो.

२. बाहेर ८ अंश आहेत, पण सायकलवर त्याहून खूप गार का लागतं?

वाऱ्यामुळे. आपल्या त्वचेला लागून उबदार हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो सतत उडवून नेतो आणि शरीराला तो पुन्हा पुन्हा तापवावा लागतो. हवा पडलेली असली तरी २५च्या वेगाने जाताना आपणच तेवढा वारा तयार करत असतो. हवामान खात्यांच्या नेहमीच्या सूत्राने पाहिलं तर ८ अंशांत ताशी २५ किलोमीटर वेगाला उघड्या त्वचेला साधारण ४ अंशांसारखं लागतं, आणि उतारावर ५० गाठलं तर ३ अंशांसारखं. ५ अंशांत ३० वेगाने गेलात तर जवळजवळ शून्यासारखं. हा हिशोब फक्त अंगाला लागणाऱ्या थंडीचा आहे. बाटलीतलं पाणी ८ अंशांचा वारा लागून गोठत नाही.

म्हणून शक्य असेल तेव्हा जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा आणि येताना वारा पाठीवर घ्या. उलटं केलंत तर घामाने ओलं झालेलं अंग घेऊन परतीची सगळी वाट बोचऱ्या वाऱ्यात काढावी लागते.

३. नक्की किती कपडे घालू? निघताना थंडी वाजते आणि अर्ध्या तासात उकडायला लागतं.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. तुमच्या प्रश्नातच त्याचं उत्तर आहे: अर्ध्या तासानंतर जसं वाटेल, त्या बेताने कपडे घालायचे. आपले स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात तिचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा पेडलपर्यंत पोहोचतो, बाकीची उष्णता होते. निवांत चालवताना पेडलवर १५० वॉट जात असतील, तर ४५०हून जास्त वॉट उष्णता अंगात तयार होत असते, म्हणजे एखादा लहान हीटर अंगातच लावल्यासारखं. दाराबाहेर पडल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं थोडं काकडायला झालं, तर कपडे बरोबर आहेत. दारातच छान ऊबदार वाटलं, तर एक थर जास्त झाला.

एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा पातळ कपडे एकावर एक घाला. अंगाला घट्ट बसणारा, घाम ओढून घेणारा आतला थर. त्यावर लांब बाह्यांची जर्सी. वर वारा अडवणारं पातळ काहीतरी, शक्यतो समोर वाराबंद आणि पाठीला जाळी असलेलं. वारा छातीवर येतो आणि घाम पाठीवर साचतो, त्यामुळे ही रचना खरंच कामाची आहे. बिनबाह्यांचं विंडचीटर मुठीएवढं घडी होतं आणि मागच्या खिशात बसतं. माझ्याकडे थंडीसाठी एकच वस्तू घेण्याइतके पैसे असते, तर मी तीच घेतली असती.

ढोबळ अंदाज असा: १५च्या खाली गुडघे आणि हात झाका, १०च्या खाली पूर्ण पायाची विजार, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि हेल्मेटखाली कान झाकणारी पातळ टोपी, ५च्या खाली शू कव्हर आणि गळ्याभोवती कापडी पट्टा. पण प्रत्येकाचं अंग वेगळं असतं. घरी आल्यावर किती अंश होते, काय घातलं होतं आणि कसं वाटलं, हे एका ओळीत लिहून ठेवा. पाच-सहा फेऱ्यांत तुमचा स्वतःचा तक्ता तयार होईल.

४. आतून साधा सुती टी-शर्ट चालेल ना?

नाही. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं, म्हणजे ओला टी-शर्ट अंगातली ऊब बाहेर ओढत राहतो. बारीक लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा आतला थर वापरा. लोकर दमट झाली तरी बरीच ऊब देते, पॉलिएस्टर लवकर वाळतं.

५. बाकी अंग ठीक असतं, पण बोटं बधिर होतात. जाड हातमोजे घेऊनही फरक नाही. काय करू?

आधी धड गरम आहे का ते बघा. शरीराला थंडी जाणवली की ते छाती-पोटाची ऊब राखायला हातापायांकडचा रक्तपुरवठा आवळतं. गळा आणि छाती उघडी ठेवून फक्त हातमोजे जाड करत गेलात, तर बोटांपर्यंत गरम रक्तच पोहोचत नाही. गळ्याला पट्टा आणि मनगट झाकणारी बाही यांनी पुष्कळदा नव्या हातमोज्यांपेक्षा जास्त फरक पडतो.

हातमोजे घट्ट असतील तर तेही रक्त अडवतात. आत पातळ लोकरी आणि बाहेर वाराबंद सैल, अशी जोडी एका जाड हातमोज्यापेक्षा चांगली. घालून ब्रेकचा लिव्हर दाबून बघा. लिव्हर कुठे धरतोय हे बोटाला कळत नसेल, तर तो हातमोजा कितीही गरम असो, रस्त्यावर नको. बोटं उबदार हवीत ती आधी ब्रेकसाठी, आरामासाठी नंतर. खिशात एक कोरडी जोडी ठेवा. अर्ध्या वाटेवर ओले हातमोजे काढून कोरडे घालण्यासारखं सुख नाही.

बधिर झालीच तर थांबा आणि खांद्यापासून हात जोरात गोल फिरवा, वीस-तीस वेळा. रक्त बोटांच्या टोकांपर्यंत जातं. ऊब परत येताना ठणकतं, ते साहजिक आहे. बधिर बोटं कढत पाण्यात घालू नका, कोमट पाणी पुरे. थोड्याशा गारव्यातही एखादं-दोन बोटं पांढरीफटक पडत असतील आणि मग निळी-लाल होत असतील, तर तो रेनॉडचा त्रास असू शकतो. डॉक्टरांना दाखवा.

६. आणि पायाची बोटं?

कारण तेच (प्रश्न ५), शिवाय सायकलचे बूट उन्हाळ्यासाठी छिद्रं ठेवून बनवलेले असतात. आतून टाचेपासून पुढची छिद्रं टेपने बंद करा, बाहेरून शू कव्हर चढवा. दोन मोज्यांनी बूट घट्ट होत असेल तर एकच घाला. घट्ट बुटातला दुसरा मोजा पाय आणखी गार करतो. तरीही बधिरपणा आला तर उतरून दीड-दोनशे मीटर सायकल हातात धरून चाला.

७. गारठ्यात गुडघे धरतात. व्यायाम चुकतोय का?

बहुतेक वेळा गुडघे उघडे राहिलेले असतात किंवा पहिल्याच चढाला जड गिअर लावलेला असतो. गुडघ्यावर स्नायूचं पांघरूण जवळजवळ नसतंच, त्यामुळे तो लवकर गारठतो. गुडघे झाका आणि पहिली वीस मिनिटं हलक्या गिअरवर पाय भराभर फिरवा. तरी दुखत राहिलं तर थंडीला दोष देऊ नका, सीटची उंची तपासा.

८. ओल्या पानांवरून घसरायची भीती वाटते. ती चुकवावीत की सरळ जावं?

भीती रास्त आहे. ओली पानं एकमेकांवर सरकतात, त्यामुळे टायरची पकड रस्त्यावर नसते, वरच्या पानावर असते. गाड्यांच्या चाकांखाली चुरून त्यांचा तपकिरी चिखल झाला की तो साबणासारखा निसरडा होतो. हे सगळं साचतं तेही नेमकं वळणावर, झाडांखाली, रस्त्याच्या कडेला. म्हणजे सायकल असते तिथेच.

पानं दिसली की त्यांच्या आधी वेग कमी करा, पानांवर असताना नाही. वर आलात की ब्रेक नाही, वळणं नाही, पेडलला हिसका नाही. हँडल सैल धरा आणि सायकल सरळ उभी ठेवून निघून जा. शेवटच्या क्षणी पानं चुकवायला हँडल वळवणं सगळ्यात वाईट: एक तर तुम्ही गाड्यांच्या वाटेत जाता, नाही तर चाक तिरकं असतानाच पानांवर चढतं. वळणाच्या आत साचलेली असतील तर मागे बघून, हात दाखवून आधीच लेनच्या मधोमध या.

एक खूण मी कायम कानाने ओळखते. चाकाखाली पानं चुरचुरत असतात तोवर ती कोरडी असतात. झाडाच्या सावलीत शिरल्यावर तो आवाज अचानक बंद होतो आणि नुसती एक मऊ शांतता उरते. ती शांतता आली की मी ब्रेकवरची बोटं सैल करते. कोरड्या पानांचं भय वेगळंच: ढिगाखाली खड्डा असेल तर दिसत नाही.

रस्त्यावरचे रंगाचे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं आणि पुलांचे पोलादी सांधे यांनाही हेच लागू. रेल्वेचे रूळ काटकोनातच ओलांडा.

९. हवामानात ३ अंश दाखवत होतं. तरी रस्त्यावर बर्फाची साय कशी?

ते तापमान जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवर मोजलेलं असतं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री रस्त्याचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे सोडतो आणि हवेपेक्षा बराच थंड होतो. हवा ३-४ अंशांवर असताना रस्ता शून्याखाली असू शकतो. पूल सगळ्यांत आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो. डोंगराच्या सावलीतला रस्ता तर दुपारपर्यंत गोठलेलाच राहतो.

रस्ता ओला चमकतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकांतून तुषार उडत नाहीत, असं दिसलं की तो बर्फ समजा. चाक त्यावर गेलंच तर काहीही करू नका: ब्रेक नको, वळण नको, सरळ घरंगळू द्या. आणि तिथून पुढे सायकल हातात धरून परत फिरा.

१०. मग पहाटे निघू नये का?

या दिवसांत मी सकाळी उशिरा निघून दुपारी लवकर परतायला सांगेन. पहाटे थंड हवा जड होऊन दरीत, ओढ्याकाठी साठते. त्यामुळे स्वच्छ सकाळी खालचा सखल रस्ता टेकडीवरच्या रस्त्यापेक्षा गार असू शकतो. उतारावरून खाली येताना अचानक गार पाण्यात पाय घातल्यासारखं वाटतं, ते यामुळेच.

सूर्य दिवसभर खाली असतो हेही लक्षात घ्या. ऊन तुमच्या डोळ्यांत येत असेल तर ते मागून येणाऱ्या चालकाच्याही डोळ्यांत जातंय, म्हणजे तुम्ही त्याला दिसत नाही आहात. तुमची सावली तुमच्या पुढे लांब पडली असेल, तर समोरून वळणाऱ्या चालकाला तुम्ही दिसत नाही. दोन्ही वेळा चालकाने आपल्याला पाहिलंय असं गृहीत धरू नका.

११. भडक पिवळं जॅकेट घातलं की दिवे नसले तरी चालतात का?

नाही. भडक पिवळा किंवा नारिंगी रंग उठून दिसतो तो दिवसाच्या प्रकाशातल्या अतिनील किरणांमुळे. अंधार पडला की त्याची जादू संपते. अंधारात गाडीचा प्रकाश परत फेकणाऱ्या चंदेरी पट्ट्या लागतात, आणि त्या सगळ्यात जास्त उपयोगी घोट्यांवर आणि बुटांवर, कारण वरखाली होणाऱ्या दोन ठिपक्यांवरून चालकाला चटकन कळतं की हा सायकलवाला आहे. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा दुपारीही लावून ठेवा.

गारठ्यात लिथियम बॅटरीची क्षमता घटते, त्यामुळे उन्हाळ्यात तीन तास चालणारा दिवा तेवढा टिकेल असं धरू नका. गोठलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावल्याने ती कायमची बिघडू शकते. आधी घरच्या तापमानाला येऊ द्या.

१२. टायरमध्ये हवा कमी ठेवावी असं ऐकलं. किती कमी?

थोडीशी. घरात २० अंशांना ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरलेला टायर बाहेर ५ अंशांत गेला की आपोआप साधारण ७५वर येतो, कारण थंड झाली की हवेचा दाब उतरतो. पुष्कळदा एवढी घट पुरेशी असते. ओल्या रस्त्यावर आणखी चार-पाच पीएसआय उतरवले तर पकड सुधारते, पण चाकाची कडा (रिम) खड्ड्यावर आपटेल इतके नको. फ्रेममध्ये जागा असेल तर २५ऐवजी २८ किंवा ३२ मिलिमीटरचे टायर लावा.

१३. तेवढाच जोर लावूनही वेग कमी पडतोय. माझी तब्येत ढासळली का?

नाही. ५ अंशांची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा साधारण ९ टक्क्यांनी दाट असते आणि सपाट रस्त्यावर आपला बहुतेक जोर हवा कापण्यातच जातो. शिवाय फुगलेले कपडे आणि गारठलेलं रबर. या दिवसांत किलोमीटर मोजू नका, वेळ मोजा.

१४. पंक्चर याच दिवसांत जास्त होतात का?

हो. पाऊस काचेचे तुकडे आणि टोकदार खडे रस्त्याच्या कडेला वाहून आणतो, आणि ओलं रबर सहज कापलं जातं.

एकदा पावसात भिजून गारठलेल्या बोटांनी मला व्हॉल्व्हवरचं छोटं प्लॅस्टिकचं टोपण फिरवता येईना. बोटं ते धरत होती, पण धरलंय की नाही ते कळत नव्हतं. एरवी सहा मिनिटांचं काम, पंचवीस मिनिटं लागली, आणि तेवढ्यात अंग पुरतं थंड झालं. तेव्हापासून पिशवीत डॉक्टर वापरतात तसले पातळ रबरी हातमोजे असतात. ते लोकरी हातमोज्यांखाली घातले की हात कोरडा राहतो आणि बोटं नीट चालतात. चाक काढण्याआधी जॅकेट घाला, नंतर नाही. ट्यूब रस्त्यात जोडत बसू नका, नवी टाका. हवा भरायला गॅसचं नळकांडं वापरत असाल तर हातमोजा घालूनच धरा, गॅस सुटताना ते त्वचेला चिकटण्याइतकं गार होतं.

१५. तहान लागतच नाही. पाणी न पिता चालेल का?

थंडीत तहानेची जाणीव मंदावते, पाण्याची गरज संपत नाही. दर श्वासागणिक वाफ बाहेर जाते, घामही येतो, आणि गारठ्यात लघवीलाही जास्त होते. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट घ्या. बाटलीत कोमट पाणी भरा. दीड तासाहून लांब जाणार असाल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. उपाशी शरीर ऊब तयार करू शकत नाही. खाऊ आतल्या खिशात ठेवा, नाही तर तो दगडासारखा कडक होतो.

१६. मध्ये चहा-कॉफीला थांबलो की नंतर हुडहुडी भरते. का?

पाय थांबले की ऊब तयार होणं थांबतं, पण ओल्या कपड्यांतून उष्णता जात राहते. सायकलवरून उतरताक्षणी, थंडी वाजण्याची वाट न बघता, वरचा थर चढवा. दहा-पंधरा मिनिटांत निघा आणि पहिले दोन किलोमीटर चढाचे मिळतील अशी थांबायची जागा निवडा.

१७. घाट चढताना घामाघूम होतो आणि उतरताना गोठतो. यावर काय?

चढ सुरू होण्याआधी जॅकेटची चेन उघडा, टोपी काढा, कोरडे राहा. माथ्यावर पोहोचल्यावर निसर्ग बघण्याआधी जॅकेट घाला. दर हजार मीटर उंचीला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते आणि उतारावर पाय जवळजवळ काम करत नाहीत.

इटलीच्या जिरो सायकल शर्यतीत ५ जून १९८८ला गाविया खिंडीत बर्फ पडत होता. योहान व्हान डेर व्हेल्डे अर्ध्या बाह्यांची जर्सी घालून माथ्यावर सगळ्यांत आधी पोहोचला, आणि उतारावर गारठून थांबल्यामुळे शेवटच्या रेषेपर्यंत पाऊण तासाहून जास्त मागे पडला. अँडी हॅम्पस्टनच्या संघाने मात्र आदल्या संध्याकाळपासून उबदार टोप्या-हातमोज्यांची तयारी केली होती. त्या दिवशी एकूण आघाडीवरच्या स्पर्धकाची गुलाबी जर्सी हॅम्पस्टनला मिळाली आणि पुढे ती शर्यतही त्यानेच जिंकली. इतक्या कणखर माणसांना उतारासाठी कपडे लागतात, तर आपल्याला का लागू नयेत?

१८. गार हवेने छाती भरते, खोकला येतो. हे धोक्याचं आहे का?

कोरडी गार हवा जोराने ओढली की काहींच्या श्वासनलिका आकसतात. निरोगी माणसांनाही असा खोकला येतो. नाकातोंडावर पातळ पट्टा घ्या, हळू सुरुवात करा. पट्टा नाकावर घेतल्याने चष्मा धुकटतो, म्हणून थांबताना तो खाली ओढा. दमा असेल तर दम्याचा पंप (इनहेलर) बरोबर हवा आणि निघण्याआधी घ्यायचा का, हे डॉक्टरांना विचारा. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब चढतो, त्यामुळे हृदयाचा त्रास असलेल्यांनी विचारल्याशिवाय जोर करू नये. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर तिथेच थांबा आणि रुग्णवाहिका बोलवा.

१९. बरोबरचा मित्र अचानक गप्प झाला आणि अडखळत बोलू लागला. थकला असेल, असं समजू का?

नाही. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की माणूस चिडचिडा होतो, शब्द घसरतात, गिअर बदलणं जमत नाही, आणि तो स्वतः "मी बरा आहे" म्हणत राहतो. त्याच्या म्हणण्यावर जाऊ नका. कुडकुडणारा माणूस अचानक कुडकुडायचा थांबला आणि तरी गार असला, तर ते सुधारण्याचं नाही, बिघडण्याचं लक्षण आहे. वाऱ्याआड न्या, ओले कपडे काढून कोरडे घाला, डोकं झाका, जवळ बसून ऊब द्या. नीट गिळता येत असेल तरच गरम गोड पेय द्या. दारू अजिबात नको. हातपाय चोळू नका. गोंधळलेला असेल तर मदत बोलवा, सायकलवर बसवून घरी नेऊ नका.

२०. घरी पोहोचल्यावर आधी मी की आधी सायकल?

आधी तुम्ही, आणि तेही लगेच. ओले कपडे दारातच उतरवा, कोरडे घाला, काहीतरी गरम प्या. मग सायकल. मडगार्ड लावले असतील तर काम निम्मं होतं. पाठही कोरडी राहते आणि मागून येणाऱ्याच्या तोंडावर चिखल उडत नाही. साध्या पाण्याने धुवा, बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकलेलं असेल तर त्याच दिवशी, कारण मिठाने चेन एका रात्रीत तांबूस पडते. फडक्याने चेन कोरडी करा आणि ओल्या हवेसाठीचं घट्ट तेल प्रत्येक कडीवर एक थेंब सोडा. रिम ब्रेक असतील तर पॅडमध्ये रुतलेले वाळूचे कण सुईने काढा. ब्रेक लावताना खरखर आवाज येतो तो त्यांचाच, आणि ते रिमवर चरे पाडत असतात.